शुश्रूषेची उमेदवारी

परदेशातून शुश्रूषा-सेवक आणण्याचा मार्ग ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून बंद केला. तोच मार्ग त्या देशाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मोठ्या घाईने मोकळा केला होता. २०२१-२२ या वर्षात एकट्या इंग्लंडमध्ये वृद्ध आणि अपंग प्रौढांची देखभाल करणाऱ्या क्षेत्रात सुमारे १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या आणि त्या भरावयास देशातली माणसे मिळेनाशी झाली होती. मग भारत, नायजेरिया, झिम्बाब्वे अशा देशांतून माणसे गेली. त्यांच्यापैकी अनेकांनी घरदार गहाण टाकून दलालांची भर केली. काहींना तेथे पोचल्यावर कळले की सांगितलेले काम अस्तित्वातच नाही. मार्च २०२४ मध्ये या सेवकांना कुटुंब बरोबर आणण्याची मनाई झाली, आणि अखेर दारच लावून घेण्यात आले. यापुढे हे काम देशातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडून करवून घ्यावयाचे, असे तेथील सरकार म्हणते. म्हणणे रास्त आहे. परंतु हे काम शिकवावयाचे कसे, आणि शिकलेल्या माणसाने ते करीत का राहावे, असे दोन प्रश्न त्यातून उभे राहतात. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर इंग्लंडला बऱ्याच अंशी सापडलेले आहे. दुसऱ्याचे सापडलेले नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे उमेदवारी. कसबी माणसाच्या हाताखाली राहून, करता करता शिकणे, ही पद्धत इंग्लंडला नवी नाही. एलिझाबेथ राणीच्या काळात, १५६३ साली, कायद्याने सात वर्षांची उमेदवारी ठरवून दिली होती. सुतार, लोहार, विणकर असेच घडत. गेल्या दशकात या जुन्या पद्धतीची जी नवी मांडणी झाली, तीत प्रौढांच्या शुश्रूषेचाही एक व्यवसाय म्हणून समावेश करण्यात आला. उमेदवार हा विद्यार्थी नसून नोकर असतो. पहिल्या दिवसापासून त्याला वेतन मिळते. वर्षभराच्या काळात त्याने वृद्धनिवासात किंवा घरोघरी जाऊन काम करावयाचे आणि आठवड्यातले काही तास कामातून मोकळे होऊन अभ्यासाला द्यावयाचे, अशी ही रचना आहे. किमान मुदत ऑगस्ट २०२५ पासून आठ महिन्यांवर आणण्यात आली. एकोणीस वर्षांवरील उमेदवारांना इंग्रजी आणि गणिताच्या वेगळ्या परीक्षेची सक्तीही त्याच वर्षी उठविण्यात आली. घरातल्या आजारी आईची दहा वर्षे सेवा केलेली चाळिशीची बाई अपूर्णांकांच्या गणितापाशी अडून बसावी, यात शहाणपण नव्हतेच.

या कामात शिकण्यासारखे आहे तरी काय, अशी शंका अनेकांच्या मनात येते; मोठमोठ्या पदांवरील माणसांच्याही मनात ती असते, फक्त ती बोलून दाखवली जात नाही. म्हाताऱ्या माणसाला उठवावे, न्हाऊ घालावे, भरवावे, झोपवावे, यात कसले आले आहे शास्त्र? घरोघरी लेकीसुना हे करीत आल्याच आहेत.

उठविण्याचेच उदाहरण घ्यावे. अंगातली शक्ती गेलेल्या माणसाला काखेत हात घालून वर ओढणे ही प्रत्येकाची सहजप्रवृत्ती. आणि नेमके तेच करावयाचे नसते. त्याने त्या माणसाचा खांदा निखळू शकतो आणि उचलणाऱ्याची कंबर कायमची जाते. इंग्लंडमधील उमेदवार पहिल्या काही आठवड्यांतच माणूस उचलण्याच्या यंत्राची झोळी अंगाखाली कशी सरकवावी, कोणता पट्टा कोठे अडकवावा, आणि झोळीत अधांतरी असलेल्या माणसाशी त्या वेळी काय बोलत राहावे, हे शिकतो. यातले शेवटचे सर्वांत अवघड. पक्षाघात झालेल्या माणसाला पाणी पाजताना ते श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. म्हणून पाणी दाट करून, माणसाला ताठ बसवून, एक घोट उतरल्याची खात्री करूनच दुसरा द्यावयाचा असतो. घाईने दिलेला एक पेला न्यूमोनियाला निमंत्रण ठरू शकतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते; टाचा, माकडहाड, खांद्याची पाती येथे त्वचा लाल झाली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही लालीच राहिली, तर ती धोक्याची खूण असते. ती खूण डॉक्टरच्या आधी त्या सेवकाच्या दृष्टीस पडते, कारण दिवसातून चार वेळा ती जागा पाहणारा तोच एकटा असतो.

हे कौशल्य म्हणजे काय, हे सांगावयास मराठी वाचकापुढे सातासमुद्रापलीकडचे उदाहरण ठेवण्याचे कारण नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, अंथरुणावर होत्या. त्यांच्याविषयीचा २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दयामरणाच्या संदर्भात सर्वांना ठाऊक आहे. तथापि त्या प्रकरणात न्यायालयापुढे आलेली एक बाब फारशी बोलली जात नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण, म्हणजे बोलीत ज्याला बेडसोअर म्हणतात ती जखम, झालेली नव्हती. परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्या बदलल्या. एकीने दुसरीला दाखविले, दुसरीने तिसरीला. माया होतीच, पण मायेने कातडी शाबूत राहत नाही. ती शाबूत राहते दर दोन तासांच्या शिस्तीने, आणि ही शिस्त माणसाकडून माणसाकडेच जाते.

हाताच्या कौशल्याहूनही सूक्ष्म असा एक भाग या शिक्षणात आहे. इंग्लंडच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे कोणताही प्रौढ माणूस स्वतःचे निर्णय घेण्यास समर्थ आहे असेच गृहीत धरावयाचे असते. तो असमर्थ आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर असते. इतरांना अविवेकी वाटणारा निर्णय घेण्याचा हक्कही त्याला आहे. मधुमेही आजोबांनी साखरेचा चहा मागितला तर काय करावे? स्मृतिभ्रंश झालेल्या बाईंनी आज अंघोळ नको म्हटले तर ती नाहीच समजावी, की तासाभराने पुन्हा विचारावे, की आधी पाण्यात हात बुडवून दाखवावा? सदरा चढविताना ज्याला आपल्या हाताने दोन बटणे लावता येतात, त्याची ती दोन बटणे आपण लावू नयेत, भले त्याला पाच मिनिटे अधिक लागोत. न करण्याचे हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. या उमेदवारीची आखणी झाली तेव्हा अखेरच्या मूल्यमापनात प्रसंग सांगून पर्यायांतून उत्तर निवडावयाची एक चाचणी आणि परीक्षकाशी चर्चा असे दोन भाग ठेवण्यात आले. चर्चेचे ठीक आहे. पण पर्यायी उत्तरांवरून माणसाचा हात कसा पडतो हे कसे कळावे, हे परीक्षकच जाणोत.

असे हे काम असूनही इंग्लंडमध्ये ते दुय्यम का ठरले, याचे मूळ १९४८ मध्ये आहे. त्या वर्षी ५ जुलै या एकाच दिवशी दोन व्यवस्था सुरू झाल्या. राष्ट्रीय आरोग्य सेवेने वैद्यकीय उपचार सर्वांना विनामूल्य केले. त्याच दिवशी अंमलात आलेल्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने वृद्धांची आणि अपंगांची देखभाल मात्र स्थानिक संस्थांकडे सोपविली आणि ती माणसाची ऐपत पाहून द्यावयाची ठरविली. परिणाम असा झाला की, कर्करोग झाला तर सर्व उपचार फुकट, आणि स्मृतिभ्रंश झाला तर वृद्धनिवासाच्या खर्चासाठी राहते घर विकण्याची पाळी. औषध देणारा हात राष्ट्राचा आणि घास भरविणारा हात नगरपालिकेच्या कंत्राटदाराचा! पुढे १९८० नंतर हे क्षेत्र बहुतांशी खाजगी संस्थांकडे गेले, स्थानिक संस्था सेवा मिनिटांच्या हिशेबाने विकत घेऊ लागल्या आणि पंधरा मिनिटांच्या भेटी ही तेथील बदनाम झालेली गोष्ट त्यातून जन्माला आली. पंधरा मिनिटांत उठविणे, धुणे, कपडे घालणे, न्याहारी आणि औषध. दोन बटणांसाठी त्यात पाच मिनिटे कोठून आणावयाची?

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. स्टॅफर्डच्या रुग्णालयातील हेळसांडीची चौकशी करणारा रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला, आणि त्यापाठोपाठ पत्रकार कॅमिला कॅव्हेंडिश यांनी रुग्णालयांतील साहाय्यक व शुश्रूषा-सेवक यांच्या प्रशिक्षणाचा आढावा घेतला. या कामाला ‘प्राथमिक’ म्हणणे म्हणजे त्याची किंमत फार कमी लेखणे होय, असे त्यांनी बजावले. त्यांच्या शिफारशीतून एप्रिल २०१५ मध्ये पंधरा निकषांचे एक प्रमाणपत्र अस्तित्वात आले. नव्या सेवकाने सुरुवातीच्या काळातच ते पुरे करावयाचे. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात मात्र एका मालकाने दिलेल्या प्रमाणपत्रावर दुसरा मालक विश्वास ठेवीना. नोकरी बदलली की तीच बाई पुन्हा हात धुण्याच्या धड्यापासून आरंभ करू लागली. दहा वर्षे अनुभव असलेल्या गवंड्याला नव्या कंत्राटदाराने वीट कशी धरावी हे शिकवावे, तसाच हा प्रकार.

या सर्वांच्या मुळाशी असलेला आकडा मात्र प्रमाणपत्रांत दिसत नाही, तो वेतनपत्रकात दिसतो. मार्च २०२३ मध्ये इंग्लंडच्या या क्षेत्रात पाच किंवा अधिक वर्षांचा अनुभव असलेल्या सेवकाला, वर्षसुद्धा न झालेल्या नवख्यापेक्षा तासाला सरासरी फक्त सहा पेन्स अधिक मिळत होते. सहा पेन्स म्हणजे सुमारे सहा रुपये. किमान वेतन कायद्याने वाढत गेले, ही चांगलीच गोष्ट. पण वरच्या पायऱ्या त्या प्रमाणात वर सरकल्या नाहीत, आणि शिडीच आडवी झाली. एप्रिल २०२५ मध्ये प्रौढ कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होते आणि पहिल्या वर्षातील उमेदवाराला कायद्याने द्यावयाचा किमान दर ७.५५ पौंड होता. म्हणजे गोदामात खोकी उचलणाऱ्याला पहिल्या दिवशी १२.२१ पौंड मिळावयाचे, आणि ज्याला नियमावर बोट ठेवणारा मालक भेटला त्या उमेदवाराने वर्षभर ७.५५ पौंडांवर दुसऱ्याच्या आईचे मलमूत्र काढून, परीक्षा देऊन, पुढे त्याच १२.२१ पौंडांच्या आसपास जाऊन पोचावयाचे. कोणताही शहाणा तरुण यातून काय निष्कर्ष काढील? सर्व व्यवसायांतील मिळून निम्म्याच्या आसपास उमेदवार ही उमेदवारी मध्येच सोडतात, याबद्दल तेथे चिंता व्यक्त होत असते. त्या तरुणांना चिकाटी नाही, असेही म्हटले जाते. त्यांना हिशेब येतो, असे म्हणणे अधिक खरे होईल.

प्रशिक्षणासाठी पैसा नव्हता असेही नाही. एप्रिल २०१७ पासून ज्या मालकांचे वार्षिक वेतनबिल तीस लाख पौंडांहून अधिक आहे त्यांच्यावर अर्धा टक्का उपकर बसविण्यात आला, आणि त्या रकमेतून उमेदवारांच्या शिक्षणाचा खर्च भागवावयाचा ठरले. झाले उलटेच. उमेदवारी सुरू करणाऱ्यांची इंग्लंडमधील संख्या २०१६-१७ मध्ये सुमारे ४ लाख ९५ हजार होती, ती पुढच्याच वर्षी सुमारे ३ लाख ७६ हजारांवर घसरली. मोठ्या कंपन्यांनी आपल्या वाट्याचा पैसा असलेल्याच अधिकाऱ्यांच्या व्यवस्थापनाच्या शिक्षणावर लावला. शुश्रूषेच्या क्षेत्रातील बहुसंख्य संस्था लहान. त्यांना शिक्षणाचा खर्च मिळाला तरी उमेदवार अभ्यासाला गेला असता त्याच्या जागी काम करणाऱ्या माणसाचे वेतन कोणी द्यावयाचे, याची तरतूद या उपकरात नव्हती. शिकविणाऱ्या अनुभवी बाईचा वेळही कोणाच्या हिशेबात नव्हता. उमेदवारीत विकत घ्यावयाची खरी वस्तू म्हणजे तिचा वेळ. आणि तेवढीच घेतली गेली नाही.

जर्मनीने ती घेतली. तेथील २०२० पासूनच्या कायद्याप्रमाणे परिचर्येचे शिक्षण तीन वर्षांचे आहे: २१०० तास वर्गात आणि २५०० तास प्रत्यक्ष कामावर. कामावरील वेळेपैकी किमान दहा टक्के वेळ शिकविण्यासाठी तयार केलेल्या अनुभवी परिचारकाने उमेदवाराला द्यावयाचा, असे कायद्यातच लिहिले आहे. खर्चासाठी प्रत्येक राज्यात एक सामाईक निधी आहे. उमेदवार घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या अशा सर्वच रुग्णालयांनी आणि वृद्धनिवासांनी त्यात भर घालावयाची. त्यामुळे एकाने शिकवावे आणि दुसऱ्याने तयार माणूस पळवावा, या जुन्या दुखण्याला थोडा तरी आळा बसतो. अर्थात जर्मनीतही माणसे पुरत नाहीतच. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी सुमारे दहा हजार कुशल तरुण पुरविण्याचा करार केला, त्यात परिचर्येच्या कामाचाही समावेश आहे.

मराठी तरुण-तरुणींनी जर्मन शिकून तेथे जावे, शिकावे, मानाने कमवावे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु येथे एक विसंगती डोळ्यांत भरते. जो धंदा शिकण्यासाठी महाराष्ट्राने आपली मुले परराज्याच्या नव्हे, परखंडाच्या दारी पाठवावयाची, त्या धंद्याला स्वतः महाराष्ट्रात धंदा म्हणून नावही नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यातील जवळजवळ दर दहावा माणूस साठीपुढचा होता. त्यानंतर हे प्रमाण वाढलेलेच आहे. पुण्यात, मुंबईत, नाशकात, नागपुरात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांजवळ आज जी बाई बसलेली असते ती ‘ब्युरोची बाई’ असते. तिला आया म्हणतात, मावशी म्हणतात, पदनाम नाही. बारा तासांची दिवसपाळी नाहीतर रात्रपाळी. ब्युरो आपले कमिशन कापून घेतो. तिला कूस बदलण्याची शिस्त कोणी शिकविलेली असतेच असे नाही. आणि जिने ती वीस वर्षांत आपल्या अकलेने मिळविलेली आहे तिला कालपरवा गावाहून आलेल्या मुलीइतकेच पैसे मिळतात. तीच इंग्लंडची आडवी शिडी. येथे ती उभी करण्याचा प्रयत्नही झालेला नाही.

या अवहेलनेला आपल्याकडे आणखी एक पदर आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच्या शरीराच्या मळाशी संबंध येणारे काम या समाजाने शतकानुशतके काही जातींवर लादले, आणि घराच्या आत सर्वच जातींतील स्त्रियांवर. जे काम जन्माने वाट्याला येते ते शिकावे लागते यावर विश्वास बसत नाही, आणि जे शिकावे लागत नाही त्याचे मोल देण्याची गरज वाटत नाही. ‘सेवा’ या शब्दाच्या गौरवामागेही पुष्कळदा हा काटकसरीचा हिशेब दडलेला असतो. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन केले आणि पुढे ससून रुग्णालयाच्या सहकार्याने मुलींना परिचारिकेचे शिक्षण देण्यास आरंभ केला, तेव्हा भल्या घरच्या बायकांनी परक्यांचे असे काम करावे ही कल्पनाच अनेकांना अमंगळ वाटली होती. आज परिचारिकेचा पेशा प्रतिष्ठित आहे. ही प्रतिष्ठा प्रवचनांनी आली नाही. ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, नोंदणी, १९४७ चा परिचर्या परिषदेचा कायदा, वेतनश्रेणी आणि वेळप्रसंगी केलेले संप, यांच्या मागोमाग ती आली. आधी वेतनश्रेणी आली, आदर नंतर.

आयेच्या बाबतीत कायद्याची वाट कोठे अडते ते पाहण्यासारखे आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा भारतात १९६१ पासून आहे. २०१४ च्या दुरुस्तीने नव्या व्यवसायांनाही त्यात वाट मिळाली. उमेदवाराला विद्यावेतन आहे, त्यातला काही भाग केंद्र सरकार सोसते. पण कायद्याची सक्ती तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर आहे. रुग्णालय त्यात बसते. ज्या दोन खोल्यांत निवृत्त शिक्षक आपल्या पक्षाघात झालेल्या पत्नीसह राहतो त्या खोल्या आस्थापना नव्हेत, आणि ब्युरो म्हणतो की आम्ही मालक नसून मध्यस्थ आहोत. काही महिन्यांचे शुश्रूषा-साहाय्यकाचे अभ्यासक्रम कौशल्यविकासाच्या योजनांतून चालतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. ब्युरोच्या दरपत्रकात त्या प्रमाणपत्राचा रकाना क्वचितच आढळतो. मुलांनी आईवडिलांना पोसावे असे सांगणारा २००७ चा कायदा आहे. घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी आणि त्यांच्या सेवेचे किमान निकष ठरावेत, यासाठी त्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते मंजूर झाले नाही.

वेतन वाढवा म्हटले की त्या निवृत्त शिक्षकाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो, आणि येथे प्रश्न खरा अवघड होतो. आजच्याच दराने त्याच्या निवृत्तिवेतनाचा मोठा भाग आयेवर जातो. ज्याचे निवृत्तिवेतनच नाही त्याच्या घरी सून नोकरी सोडते. इंग्लंडमध्ये ही ओढाताण स्थानिक संस्थेच्या अंदाजपत्रकात होते, येथे ती स्वयंपाकघराच्या हिशेबवहीत होते. पैसा कोणाचा, हा प्रश्न तोच. इंग्लंडने तो पाऊण शतक टाळला. देखभालीच्या खर्चावर कमाल मर्यादा घालण्याची योजना तेथे २०२१ मध्ये जाहीर झाली, लांबणीवर पडली आणि २०२४ मध्ये गुंडाळण्यात आली. २०२५ मध्ये पुन्हा एक आयोग नेमला गेला. त्याच वर्षीच्या कामगार कायद्यात या क्षेत्रासाठी वेतन-वाटाघाटीची स्वतंत्र यंत्रणा उभारण्याची तरतूद झाली, ही त्यातल्या त्यात आशेची गोष्ट. शिडी उभी करावयाची तर आधी तिच्या पायऱ्यांमधले अंतर ठरवावे लागते, हे उमेदवारीच्या दहा वर्षांच्या प्रयोगानंतर तेथे उमगले आहे.

महाराष्ट्राला तो सर्व फेरा घेण्याची गरज नाही. जिल्हा रुग्णालये आणि महापालिकांची मोठी रुग्णालये ही आस्थापना आहेत. शुश्रूषेचे शिकाऊ उमेदवार घेण्यास कायद्याने तेथे अडचण नाही. घरोघरी वीस वीस वर्षे काम केलेल्या आयांची तेथेच प्रात्यक्षिक चाचणी घेऊन, त्यांना पुन्हा पहिल्या धड्यापासून न शिकविता, नोंदणी आणि वरचा दर देता येईल. त्यांच्यातूनच नव्या मुलींना शिकविणाऱ्या निवडता येतील आणि त्या शिकविण्याच्या तासांचे पैसे राज्याच्या कौशल्यविकासाच्या तरतुदीतून देता येतील. नोंदलेल्या आयेचा दर आणि निवृत्त माणसाची ऐपत यांतील तफावतीचा भार काही प्रमाणात तरी शासनाने उचलावा लागेल. किती, याचे गणित अर्थखात्याने मांडावयाचे आहे. ब्युरोची नोंदणी सक्तीची करून कमिशनला मर्यादा घालण्यास राज्याला केंद्राच्या विधेयकाची वाट पाहात बसण्याचे कारण नाही. बाडेन-वुर्टेम्बर्गला जाणाऱ्या मुलींसाठी जर्मन भाषेचे वर्ग शासनाने आपल्या खर्चाने काढले. रात्रपाळीच्या आयेला निदान माणूस उचलण्याची रीत शिकविण्यासाठी तेवढाही खर्च येणार नाही.